वसुमतीबाईंच्या दुरुस्त्या

"मिशी काढा," वसुमतीबाई म्हणाल्या. "ह्यांनी मिशी कधी ठेवलीच नाही."

रक्षितानं लॅपटॉपवरचं तालमीचं चित्रण थांबवलं. एकाहत्तरच्या लढाईत कामी आलेल्या मेजर सुधींद्रांवर सिनेमा निघत होता, आणि त्यातलं खरंखोटं त्यांच्या बायकोकडून तपासून घ्यायला ती महादेवपुऱ्याहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला, पुन्हा एकदा आली होती. येण्यातच अर्धा जीव जायचा. उरलेला बाई काढायच्या.

"अज्जी, मिशीशिवाय मेजर लोकांना पटत नाही म्हणतात दिग्दर्शक."

"मग लोकांनाच विचारा. माझा होकार कशाला हवा?"

रक्षिताला हसूही आलं आणि कंटाळाही. थकल्या तर बाईही होत्या. इतकी वर्षं शाली, नारळ आणि नवऱ्याबद्दलची फुगवलेली भाषणं झेलून त्या विटल्या होत्या. डोळे मिटण्यापूर्वी आपला माणूस जसा होता तसा एकदा लोकांना दिसावा, एवढंच त्यांना हवं होतं.

पडद्यावर मेजरांची बायको झालेली नटी आली. बाई पुढे वाकल्या.

"हिची चमकी उजवीकडे का?"

"ती कन्नड आहे ना. त्यांच्या घरात उजवीकडेच टोचतात."

"आम्हा मराठी घरांत डावीकडे. पिढ्यान्‌पिढ्या इथं कन्नड मुलखात राहिलो, भाषा बदलली, नाक नाही बदललं." त्यांनी स्वतःच्या चमकीवर बोट ठेवलं.

"सरी अज्जी, ठीक आहे, बदलते."

शेवटचा प्रसंग लागला. जखमी मेजर खिशातून बायकोचा फोटो काढतात, "वसू" म्हणतात आणि प्राण सोडतात. रक्षिता आधीच ओशाळली.

"हा अख्खाच काढू का? फारच फिल्मी झालाय."

"'वसू' तेवढं काढ. जवळ कुणी नव्हतंच, काय बोलले कोण सांगणार? फोटो राहू दे. तो खरा आहे. ह्यांचं सामान आलं ते मीच उघडलं. फोटो खिशातच होता. कुणाला दाखवला नाही मी."

रक्षिताचे डोळे भरून आले. एवढ्या कटकटीतून एक गोष्ट तरी खरी निघाली होती.

"मग आमच्या नटीचा तसाच फोटो काढून घेते," ती म्हणाली. "चमकी डावीकडे घालून."

बाईंचं बोट पुन्हा स्वतःच्या चमकीवर गेलं.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. "फोटोतल्या बाईची चमकी उजवीकडे होती."