पांढऱ्या गाडीतली जागा

पांढऱ्या गाडीतून फिदेन्सिओ उतरला आणि अबुंदिओच्या पोटात दुखायला लागलं. पठ्ठ्याच्या पायात कोरे करकरीत बूट, अंगात हिरवा शर्ट, पाठीवर मालकाच्या धंद्याचं नाव. अबुंदिओ रस्त्याच्या अलीकडच्या बंगल्यासमोर गुडघ्यांवर बसून लॉनच्या गुंडाळ्या पसरत होता. त्याच्या बुटांना चिकटपट्टी लावलेली होती.

दोघं एकाच गावचे, पुएब्लाच्या डोंगरातले. फिदेन्सिओ अबुंदिओच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे दोघं एकमेकांचे कंपाद्रे. सख्ख्या भावाहून जवळचं नातं. सीमा ओलांडून इकडे जॉर्जियात आधी आला होता अबुंदिओ. वर्षानुवर्षं हाडं झिजवली, तरी रोज सकाळी हार्डवेअरच्या दुकानासमोर उभं राहून काम शोधणं काही सुटलं नव्हतं. आज एका म्हाताऱ्याकडे, उद्या देव जाणे. आणि हे महाशय वसंतात आले ते थेट व्हिसावर! राहायला मालकाचं घर, जेवण मालकाकडून, गाडी दारातून उचलणार, दारात सोडणार. काही लोकांची पाचही बोटं तुपात असतात.

बरं, नशीब उघडलं तर उघडलं, पण म्हणून माणसाला एवढी शिंगं फुटावीत? रविवारी फिदेन्सिओ चर्चमध्ये फिरकत नव्हता. फोन लागत नव्हता. नंबर बदलला असणार, गावच्या लोकांची कटकट नको म्हणून. रस्त्यापलीकडे दिसला आणि हाक मारली, तर तो आधी मालकाकडे बघायचा आणि मग मान खाली घालून झुडपं छाटायला लागायचा. अबुंदिओच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तुझा कंपाद्रे बघ आणि तू बघ," बायको, ओब्दुलिया, उठता-बसता सुनवायची. "सांग की त्याला मालकाकडे शब्द टाकायला!"

"त्याच्या पाया पडू? मेलो तरी नाही पडणार."

शेवटी शब्द त्यानं स्वतःच टाकला. वेंडेल, फिदेन्सिओच्या बागकामाच्या टोळीचा मालक, गोरा आणि हसतमुख माणूस होता. स्पॅनिश फाडफाड बोलायचा. "माझा एक माणूस कमी झालाय," तो काल म्हणाला होता. "जागा आहे. उद्या पासपोर्ट घेऊन ये. सगळ्यांचे मीच सांभाळतो, हरवायची भीती नको." आनंदानं अबुंदिओला झोप लागली नव्हती. नवे बूट घालून तो त्या गाडीत फिदेन्सिओच्या शेजारी बसणार होता, आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तो रस्ता ओलांडून गेला. टोळीतली माणसं लाकडाच्या भुशाच्या ढिगाशेजारी गुपचूप जेवत होती. वेंडेल गाडीला टेकून उभा होता. अबुंदिओनं पिशवीतून पासपोर्ट काढला. वेंडेलनं हात पुढे केला.

"मालक, याला घेऊ नका." फिदेन्सिओ उठून उभा राहिला होता. "हा चोर आहे. गावात चर्चची दानपेटी फोडली यानं."

हे आपल्याबद्दल चाललंय, हेच अबुंदिओला आधी कळेना. त्या पेटीत त्यानं नाणी टाकली होती, कधी काढली नव्हती. वेंडेलनं हात मागे घेतला.

"घरात चोर नको रे बाबा," तो हसून म्हणाला. "जा तू."

"देखवत नाही ना तुला माझं?" अबुंदिओ फिदेन्सिओवर ओरडला. "सगळं तुला एकट्यालाच पाहिजे, हरामखोरा!"

त्यानं झेप घातली. दोघं भुशाच्या ढिगात कोसळले. बाकीचे जागचे हलले नाहीत. वेंडेल लांबूनच मजा बघत होता.

फिदेन्सिओनं उलटून हात उगारला नाही. त्यानं अबुंदिओची मान आवळून त्याचं डोकं तोंडाजवळ ओढलं. मग तो डोंगरातल्या त्यांच्या नावात्ल बोलीत पुटपुटला. ती वेंडेलला येत नव्हती.

"मारत राहा, कंपाद्रे. थांबलास तर त्याला संशय येईल."

अबुंदिओची मूठ वरच राहिली.

"मार म्हणतो ना! आमचे पासपोर्ट त्याच्याकडे आहेत. फोनसुद्धा. कामावरून नेलं की घराला बाहेरून कुलूप घालतो. एक जण पळायला गेला, तर त्याला एवढं बदडलं की तो अजून उठलेला नाही."

अबुंदिओनं मूठ खाली आणली, हलकेच, खांद्यावर. नव्या शर्टाखाली नुसती हाडं हाताला लागत होती. या माणसाचा आपण इतके दिवस हेवा केला, या विचारानं त्याला रडू यायला लागलं.

"मग मला चोर कशाला म्हणालास?" त्यानं त्याच बोलीत विचारलं.

"नाही तर काय करू?" फिदेन्सिओ म्हणाला. "तूही आत आलास, तर आमच्याबद्दल बाहेर सांगणार कोण?"