उजेडाच्या पट्ट्या

"दोन पुरतात, बाबा," डेलेनी म्हणाली. "खेळायला दोन म्हणजे डोक्यावरून पाणी."

"चार म्हणालोय ना मी? मग चार."

डॅरिलने हे जरा मोठ्यानेच म्हटलं. रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या, पट्ट्या या दुकानात काचेच्या कपाटात कुलपाखाली ठेवतात, आणि यंदा त्यांचे भाव असे गगनाला भिडलेत की एक कुलूपही कमीच वाटावं. बाकीचं सगळं ट्रॉलीत आलं होतं: मागच्या पिढीचा प्रोसेसर, मदरबोर्ड, कुणीतरी परत केलेलं म्हणून स्वस्तात पदरात पडलेलं ग्राफिक्स कार्ड, आणि एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट. काच मात्र हवीच, एवढा एकच हट्ट डेलेनीने केला होता. एरवी प्रत्येक वस्तूची किंमत आधी बघून तीच "हे नको, ते चालेल" म्हणत आली होती. तेरा वर्षांच्या पोरीने इतकं शहाणं असू नये, असं डॅरिलला मघापासून वाटत होतं.

"तू जा, जरा कीबोर्ड बघून ये," तो म्हणाला. "घ्यायचा नाहीये. नुसता बघ."

ती गेली तसा तो लोरेनकडे वळला. लोरेन दुकानातली जुनी विक्रेती. मघापासून तीच त्यांच्याबरोबर फिरत होती आणि प्रत्येक खोक्यावर आपल्या नावाचं स्टिकर चिकटवत होती. ज्याचं स्टिकर, त्याचं कमिशन.

"दोन खऱ्या द्या," डॅरिल आवाज खाली आणत म्हणाला. "आणि दोन त्या... नुसत्या पेटतात त्या."

लोरेनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "दिव्याच्या? त्यांच्या आत काही नसतं हं. खाचा रिकाम्या दिसू नयेत म्हणून बसवायच्या, एवढंच."

"माहीत आहे मला."

"आणि लेकीला?"

डॅरिल काय सांगणार? मागच्या रविवारी डेलेनीशी फोनवर बोलताना तिच्या आईचा नवरा ब्रेंट मागून म्हणाला होता, "अरे, पैसे कमी पडले तर मी घालतो की!" अगदी सहज, मनापासून. आगाऊपणे म्हणाला असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. "माझ्या मुलीचा कॉम्प्युटर मीच करून देणार," डॅरिल म्हणाला होता. "चार पट्ट्यांचा. चारही झगमगणाऱ्या." आता ब्रेंट बाहेर गाडीत वाट बघत बसला होता. सामान त्याच्याच घरी जाणार होतं, आणि ते जोडायला उद्या डॅरिल तिकडे पाहुण्यासारखा जाणार होता. काचेतून दोन खाचा ओक्याबोक्या दिसल्या असत्या.

लोरेनने कुलूप काढलं. खऱ्या पट्ट्यांच्या खोक्यावर स्टिकर लावलं. दुसरं खोकं तसंच त्याच्या हातात दिलं.

"यावर राहिलं," डॅरिल म्हणाला.

"राहिलं नाही. यावर मी माझं नाव लावत नाही." ती रागाने बोलली नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागलं.

त्याने ते खोकं मदरबोर्डच्या खाली सरकवलं.

गल्ल्यावरचा दाढीवाला मोठा बोलका होता. एकेक खोकं उचलत, मशीनपुढे धरत तो वाचत सुटला. "लोरेन, लोरेन, इथेही लोरेन! आज मजा आहे बाईंची." मग तळाचं खोकं हातात आलं. त्याने ते उलटंपालटं करून बघितलं. "यावर कुणाचंच नाव नाही. हे घ्यायला कुणी मदत केली तुम्हाला?"

"कुणी नाही," डॅरिल म्हणाला. "माझं मीच घेतलं."

कीबोर्ड बघून परत आलेल्या डेलेनीने हात पुढे करून खोकं घेतलं. वर रंगीत उजेडाचं चित्र होतं, आणि खाली बारीक अक्षरात: आत मेमरी नाही. ती वाचत होती तेवढा वेळ डॅरिल गल्ल्यापाशी मांडलेल्या च्युइंगमकडे बघत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"डेली, मी—"

"याच त्या," ती दाढीवाल्याला म्हणाली. "मीच सांगितल्या होत्या बाबाला."

दारापाशी कचऱ्याचा डबा होता. तिथे ती थांबली. रिकाम्या पट्ट्या बाहेर काढून तिने त्या खऱ्या पट्ट्यांच्या खोक्यात घातल्या. उरलेलं खोकं चुरगळलं आणि कॉफीच्या कपांच्या खाली, पार तळाशी दाबलं.

"ब्रेंटला यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "चार पेटल्या की झालं."

डॅरिलला हवं होतं ते हेच. पण तिच्या तोंडून ते इतक्या सराईतपणे आलं, की त्याला तिच्याकडे बघवेना.

दार उघडलं. ब्रेंट गाडीतून उतरून डिकी उघडत होता. त्यांना बघून त्याने हात हलवला. "काय मंडळी, मिळाल्या का चार?"

"मिळाल्या!" डेलेनी तिथूनच ओरडली.

मग डॅरिलच्या हातातून ट्रॉली आपल्याकडे घेत ती हळूच म्हणाली, "बाबा, चेहरा नीट कर."