डरकाळी

“याच्या तोंडाला रंग लावू नका. आहे तेच पुरे,” दिग्दर्शक मारुतीराव म्हणाले.

नागोजी पुढं वाकला. त्याच्या डोक्यावर दोन शिंगं बांधली गेली. आफ्रिकेच्या लढाईत तो पलटणीची लॉरी चालवायचा. लॉरी पेटली तेव्हा तो बाहेर पडला. शेजारी बसलेला भरमू आतच राहिला. नागोजीचा अर्धा चेहरा जळाला. निपाणीला परतल्यावर तंबाखूच्या वखारीतल्या बायका त्याच्याकडे पाठ करून बसू लागल्या. सहा वर्षांची राजी, त्याची पोटची पोर, त्याला बघितलं की आईच्या पदराआड जायची. कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीला राक्षस हवाय असं कळलं. लॉरीवर काम मिळालंय असं घरी सांगून तो इथं आला होता.

शेवटच्या प्रसंगात गावकरी राक्षसाला गुहेत कोंडतात आणि आग लावतात. गुहेच्या तोंडाशी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. काडी ओढली. धूर नाकात गेला आणि नागोजी ओरडला. कॅमेरा थांबला तरी ओरडतच राहिला. शेवटी दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

“वा! अशी डरकाळी पुन्हा मिळायची नाही,” मारुतीराव खुशीत म्हणाले.

पाच महिन्यांनी तो सिनेमा निपाणीच्या तंबूत लागला. नागोजीची बायको मनुबाई हट्टाला पेटली. “सगळं गाव बघाय चाललंय. आमीच तेवढं ऱ्हायचं व्हय?” नागोजीला नाही म्हणता आलं नाही. तो पुरुषांत, अगदी मागं बसला. मायलेकी पुढं बायकांत बसल्या.

राक्षस पडद्यावर आला. मनुबाईनं नवऱ्याला लगेच ओळखलं आणि मान खाली घातली. मागं वळून बघायचा तिला धीर होईना. राजीनं मात्र शिंगं दिसताच डोळे गच्च मिटून घेतले होते. ते तिनं शेवटपर्यंत उघडले नाहीत.

गुहा पेटली. राक्षसानं डरकाळी फोडली. तंबूत टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. “जाळा त्याला!” कुणीतरी ओरडलं.

राजी ताडकन उभी राहिली. डोळे अजून मिटलेलेच. चाचपडत तिनं आईचा खांदा धरला आणि गदागदा हलवला.

“आई, आप्पाला उठीव की गं! सपनात परत वरडालाय त्यो.”