बिनखुणेची जागा

आई कोणाकडे राहणार, हे ठरवायला एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण माझ्या वकिलीच्या ऑफिसात माझ्यासमोर बसले होते. एकाच भांडणाचं रेकॉर्डिंग दोघांच्याही मोबाइलमध्ये होतं. प्रत्येकाने अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंगवर जागोजागी खुणा करून त्यांना नावं दिली होती: ‘दादाची धमकी’, ‘धाकटीचा कांगावा’. “वकीलसाहेब, फक्त माझ्या खुणांवर बोट ठेवा,” धाकटी म्हणाली, “दादाचे दात त्याच्याच घशात जातील.” “आधी हिची नाटकं ऐका!” दादा उसळला. मी खुणा सोडून रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं. आरडाओरड्यातून आईचा आवाज आला: “कुणी पाणी देतं का रे?” थोड्या वेळाने पुन्हा. मग आलाच नाही. तिथे दोघांचीही खूण नव्हती. “पाणी दिलं कोणी?” मी विचारलं. दोघांनी माना खाली घातल्या. शरमले असावेत. पण अंगठे चालत होते. नव्या खुणा: ‘दादाने पाणी दिलं नाही’, ‘धाकटीने पाणी दिलं नाही’.