निळ्या माशाची शेपटी

नाखोन पथोममधल्या थावीच्या निळ्या फायटर माशाची शेपटी सडत चालली होती. आठ दिवस तो रोज बरणीतलं पाणी बदलत होता, चिमटीने मीठ घालत होता, देशी बदामाचं वाळकं पान सोडत होता. बायको सुनीसा वैतागली.

"अहो, माशाचं पुरे! तुमच्या पायाची जखम चिघळलीय. आज तरी दवाखान्यात चला."

"मुका जीव आहे गं तो. दुखतंय म्हणून कुणाला सांगणार?"

सुनीसाने त्याच्या हातातली बरणी काढून बाजूला ठेवली, खाली बसली आणि त्याच्या पायाची चिकटलेली पट्टी सोडवू लागली.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत? तुमच्या चपलेत रक्त दिसलं, तेव्हा कळलं मला."