चहा होईपर्यंत

सकारात्मक विचारांच्या शिबिरातून आल्यापासून नवरोबांचा एकच नियम होता. सकाळचा चहा संपेपर्यंत घरात काळजीचा शब्द काढायचा नाही. सगळे फोनसुद्धा तोवर त्यांच्या पुढ्यात उपडे.

"अहो, आईंना जरा..."

"चहा झाला का माझा? आधी काहीतरी चांगलं सांग."

आतल्या खोलीतून त्यांच्या आईची धाप ऐकू येत होती. बायको दाराकडे बघत म्हणाली, "आज... ऊन छान पडलंय."

"शाब्बास!"

"डॉक्टरांना नुसता एक फोन..."

"झालं तुझं रडगाणं सुरू! अगं, तुझं असलं तोंड बघूनच म्हातारी खचते."

त्यांनी बिस्किट बुडवलं. ते मोडून कपात पडलं. स्वतःशीच हसत ते चमच्यानं त्याचा लगदा काढत बसले. ती धावत आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिची पावलं सावकाश पडत होती. आता आतून कसलाच आवाज येत नव्हता.

शेवटचा घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "हं, बोल आता. कसली एवढी काळजी?"

"आता कसलीच नाही."

"बघ!" त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. "मी म्हणत नव्हतो?"