आठ पावलांचा उजेड

कुंडलिकनं शेवटी जीपसाठी छोटे पिवळे दिवे घेतले. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता भर दुपारी तो भोरमधल्या मोटारीच्या सामानाच्या दुकानात उभा आहे, आणि त्याची बायको ठकुबाई फरशीवर घमेलं ठेवून त्यात गोवऱ्या रचते आहे.

"मावशी, हे काय?" दुकानदार इंद्रजितनं विचारलं.

"धुकं," ठकुबाई म्हणाली, आणि तिनं काडी ओढली.

हिर्डोशीच्या वर, डोंगरातल्या त्यांच्या वाडीवर, शेरडांच्या गोठ्यात पावसाळाभर अशीच धुरी करतात. गोवऱ्या पेटल्या की वर निरगुडीचा ओला पाला टाकायचा. डास पळतात आणि हातभर अंतरावरचं शेरडू दिसेनासं होतं. दिवा धुक्यात कसा दिसेल हे दुपारच्या दुकानात कळत नाही, म्हणून दोघं धुकं घरून घेऊन आली होती. जीपमध्ये, पोत्यात भरून.

इंद्रजितनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर धूम्रपान करू नये असं लिहिलेलं होतं.

"आमी न्हाई वढत," कुंडलिक म्हणाला. "तुमी आपलं शटर वढा."

इंद्रजितनं का ओढलं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

आधी त्यानं त्याचा लाडका माल काढला. पांढऱ्या दिव्यांची लांबलचक पट्टी. "मामा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उजेड. जीपच्या टपावर लावा, दिवस उगवल्यागत वाटंल."

"ह्योच व्हता मागल्या वर्षी."

"मग? बंद पडला?"

"न्हाई. लई चांगला चालला."

पट्टी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली, बॅटरीला जोडली. दुकानात उजेडाचा लोट आला आणि धुराची भिंत झाली. नुकता चुना मारल्यासारखी, कोरी. ठकुबाई त्या भिंतीकडे दोन पावलं चालली आणि नाहीशी झाली.

"दिसते का?" भिंतीतून आवाज आला.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हनलं न्हवं!"

भिंत खोकली.

"बंद करा त्यो," कुंडलिक म्हणाला. "मागल्या आखाडात ही अशीच गाडीम्होरं चालत व्हती, वाट दावत. आत सून, बाळंतपनाला निघालेली. उजेड एवढा पडला की रस्ताच दिसंना. गाडी जाग्यावर उभी ऱ्हायली. नातू वळणावरच झाला. अन् वळणावरच गेला."

सकाळपासून प्रत्येक वस्तूला 'एक नंबर' म्हणणारा इंद्रजित फळीकडे वळला. त्यानं पट्टी काढली, खोक्यात घातली, आणि खोकं पायानं आत सारलं.

मग त्यानं छोटे पिवळे दोन दिवे फरशीवर ठेवले. "हे टपावर न्हाई लावायचे. बंपरच्या खाली, जमिनीलगत."

धूर धूरच राहिला. पण त्याच्या खालून फरशी दिसायला लागली. मग ठकुबाईची जोडवी. मग अंगठा तुटून तारेनं बांधलेली चप्पल.

"चाल," कुंडलिक म्हणाला.

ती चालू लागली. तो उकिडवा बसून पावलं मोजत होता. दुकान लांबट होतं. ती ऑइलच्या डब्यांपाशी गेली, टायरांपाशी गेली. आठव्या पावलाला तिच्या टाचा होत्या. नवव्याला नव्हत्या.

"ये म्हागं," कुंडलिक घाईनं म्हणाला. "लगीच ये."

ती आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं, असं तिनं न विचारता सांगितलं.

"आठ पावलं पुरत्यात का?" इंद्रजितनं विचारलं.

"सावकाश गेलं तर पुरत्यात."

"आणि घाई असली तर?"

काचेच्या कपाटात मोठे, महागाचे पिवळे दिवे होते. कुंडलिकनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि मोठ्या देवळातल्या देवाकडे बघून घ्यावी तशी नजर खाली घेतली.

"ह्येच द्या," तो म्हणाला.

शटर वर गेलं तेव्हा समोरच्या हॉटेलातले चौघं बादल्या घेऊन धावत आले आणि काही न विचारता त्यांनी घमेलं विझवलं. चांगल्या गोवऱ्या भिजवल्या म्हणून ठकुबाईनं त्यांना पायरीपर्यंत झापत नेलं. चौघांनी माफी मागितली.

इंद्रजित दिव्यांचं गॅरंटी कार्ड भरत होता. "सहा महिन्यांची आहे, मामा."

"आमाला बाराच दिस पायजेत. सुलक्षणाला डाक्टरनी तेवढंच सांगितल्यात."

सून हीच, हे इंद्रजितला सांगावं लागलं नाही. कार्डावर शेवटी एक रिकामा रकाना होता, ग्राहकाची विशेष विनंती. तो आजवर कुणी भरला नव्हता.

"ह्यात काय लिवायचं असतं?" कुंडलिकनं विचारलं.

"काय पण. कुणी वाचत न्हाई."

"मग लिवा. आमी सांगतो, तुमी सरकारी मराठीत घाला."

"प्रति कुणाला?"

"येणाऱ्याला."

इंद्रजितनं पेन झटकलं आणि अक्षर बारीक काढत, रकान्याबाहेर जाऊ न देता, लिहिलं:

प्रति, येणारे बाळ, मुक्काम सुलक्षणाचे पोट, हिर्डोशी वरची वाडी, तालुका भोर. विषय: येण्याच्या वेळेबाबत. महोदय अथवा महोदया, सदर दिव्यांचा उजेड आठ पावलांपलीकडे जात नाही. तरी आपण कृपया धुके उठल्यानंतर, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतच यावे, व घाई करू नये, ही नम्र विनंती.